पाटीवरचे नाव आणि पेटीवरचे नाव

नॉर्वेतील एखाद्या दरीतून जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर शेतवस्तीच्या नावाची पाटी असावी आणि हाकेच्या अंतरावर, त्याच वस्तीतील घराची टपालपेटी खांबावर बसवलेली असावी. पाटीवर रोमन लिपीतील दोनच अक्षरे आहेत, एल आणि आय. उच्चार ‘ली’, अर्थ डोंगराचा उतार. पेटीवर मात्र तीन अक्षरे आहेत, कारण घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या आडनावाच्या शेवटी एक मुका ‘ई’ चिकटलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचे पहिले सरचिटणीस त्रिग्वे ली हे आडनाव असेच लिहीत, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात ‘खोटे’ असा शब्द दिसतो याला त्यांचा इलाज नव्हता. पलीकडच्या दरीत ‘डाल’ नावाचे शेत आहे. पाटीवर त्यात एच नाही, तिथल्या डाल मंडळींच्या आडनावात आहे. देवनागरीत लिहिताना ही भानगड दिसतच नाही. दोन्ही ‘ली’ सारखेच आणि दोन्ही ‘डाल’ही सारखेच. नॉर्वेत मात्र या एका मुक्या अक्षरापायी कायदे झाले, दुरुस्त्या झाल्या आणि संसदेत वाद झडले.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वादात एक खरा सार्वजनिक प्रश्न आहे. गावाचे आणि माणसाचे नाव एकच असेल, तर त्या नावाच्या लेखनावर, वापरावर आणि उसनवारीवर अंतिम हक्क कुणाचा? जमीन ज्याच्या मालकीची त्याचा, नाव ज्याच्या रक्तात आले त्याचा, नकाशा काढणाऱ्या सरकारचा, की त्या जागेला रोज त्या नावाने हाक मारणाऱ्या आसपासच्या लोकांचा? माझे उत्तर शेवटचे आहे. स्कँडिनेव्हियाचा इतिहास पाहिला तर ही नावे मुळात पत्ते होती. त्यांची कौटुंबिक मालमत्ता झाली ती बऱ्याच उशिरा, आणि बहुतांशी कायद्याच्या हाताने. पत्ता एकट्याचा नसतो, म्हणून जिथे माणसाचा आणि जागेचा दावा समोरासमोर येतो तिथे जागेचे पारडे जड मानले पाहिजे.

ग्रामीण नॉर्वेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणसाच्या नावाचे तीन भाग असत: स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि राहत्या शेताचे नाव. स्कीइंगचा आद्य पुरुष म्हणून ज्याला मान दिला जातो तो टेलेमार्कमधील मोर्गेडालचा सोंद्रे औवेरसन नोरहाइम, म्हणजे औवेरचा मुलगा, नोरहाइमवर राहणारा सोंद्रे. तो जन्मला 1825 साली, पण नोरहाइमवर नव्हे, तर ओव्हरबो नावाच्या दुसऱ्याच कुळवस्तीवर. कूळ ज्या शेतावर राहायला जाई त्या शेताचे नाव त्याला लागे. बिऱ्हाड हलले की नावही हले. आपल्याकडील वेंगुर्लेकर किंवा पेडणेकर यांच्याशी याची तुलना चटकन सुचते, पण एक फरक नजरेआड करू नये. मराठीत ‘कर’ हा प्रत्यय गाव आणि माणूस यांच्यात एक बारीकशी भिंत उभी करतो; वेंगुर्ले हे गाव आणि वेंगुर्लेकर हा तिथला माणूस. नॉर्वेजियनमध्ये अशी भिंत नाही. हाउगेन म्हणजे टेकाड, टेकाडावरचे शेत म्हणजे हाउगेन आणि त्या शेतावरचा माणूसही हाउगेनच. शब्दाला काहीही न जोडता जागा माणसात उतरते, आणि पुढची सगळी गुंतागुंत याच सोयीतून निर्माण झालेली आहे.

त्यातून उलटाही प्रवास होतो. नॉर्वेत ‘रुड’, स्वीडनमध्ये ‘रीद’ अशा शेवटाची असंख्य ठिकाणे आहेत. त्या शब्दाचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जमीन, आणि पुष्कळदा त्याच्या आधी ती जमीन मोकळी करणाऱ्याचे नाव असते. डेन्मार्कमधील हादर्सलेव हे शहर म्हणजे हादर नावाच्या कुणा माणसाचा वारसा, आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर डेन लोकांनी वसवलेले ग्रिम्सबी म्हणजे ग्रिमचे गाव. माणसाचे नाव जमिनीला लागले, हजारभर वर्षांनी जमिनीचे नाव माणसांना लागले, आणि त्या माणसांचा मूळच्या ग्रिमशी किंवा हादरशी काडीचाही संबंध उरला नाही.

हा संबंध नसणे महत्त्वाचे आहे, कारण अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियनांच्या वंशजांपैकी अनेकांचा समज नेमका उलटा असतो. आडनाव शेताचे, तेव्हा त्या शेतावर आज राहणारे आपले भाऊबंदच असणार, अशा हिशेबाने ते फियॉर्डच्या काठी येऊन उभे राहतात. कधी ते खरे असते. 1977 ते 1981 या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले वॉल्टर मोंडेल यांचे घराणे सोग्ने फियॉर्डच्या एका फाट्यावरील फ्यार्लँडमधून आलेले. तिथल्या मुंडाल या वस्तीचे नाव समुद्र ओलांडताना मोंडेल झाले. पण बाक्केन, मुएन, हाउगेन, सोलबर्ग ही शेतांची नावे नॉर्वेभर इतक्या ठिकाणी आहेत की एका सोलबर्गचा दुसऱ्या सोलबर्गशी संबंध जोडणे म्हणजे आपल्याकडे दोन वाडीकर भेटले म्हणून त्यांना चुलतभाऊ ठरवण्यासारखे आहे. शिवाय त्याच शेतावर मालक, त्याची कुळे आणि कुळांची पोटकुळे अशी सगळीच एका नावाने राहत असत. बंदरावर उतरल्यानंतर कारकुनाने आडनाव विचारले तेव्हा मालकाच्या मुलाने आणि त्याच्या गुराख्याने एकच नाव सांगितले असेल, आणि दोघेही खरेच बोलत असतील.

लेखकांनी या मोकळेपणाचा पुरेपूर लाभ घेतला. क्नूत पेडरसन तीनएक वर्षांचा असताना त्याचे कुटुंब उत्तरेकडे हामारॉय येथील हामसुंद या शेतावर राहायला गेले. पुढे त्याने शेताचे नाव लावले, 1885 साली मार्क ट्वेनवर एक लेख लिहिला आणि छापताना शेवटचा ‘डी’ गळाला. त्याला ती चूक आवडली आणि तो क्नूत हामसुन झाला, तो कायमचा. शेत मात्र आजही हामसुंदच आहे. आइसलंडमध्ये हाल्दोर गुड्यॉन्सनने रेक्याविकजवळच्या ज्या शेतावर बालपण घालवले त्या लाक्सनेसचे नाव 1923 साली घेतले. दोनच वर्षांनी, 1925 मध्ये, आइसलंडने नवी घराणेनावे घेण्यास कायद्यानेच बंदी घातली. हामसुनला 1920 साली आणि लाक्सनेसला 1955 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचे नावही अशाच एका खेड्याचे आहे, हे फारसे सांगितले जात नाही: आल्फ्रेड नोबेल यांच्या एका पूर्वजाने स्वीडनच्या दक्षिण टोकाकडील ओस्त्रा नोब्बेलोव्ह या आपल्या गावावरून नोबेलिउस असे लॅटिन वळणाचे नाव घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी त्याची शेपटी छाटली.

हे सगळे सैल, वाहते आणि व्यवहारापुरते होते. सरकारला ते पसंत पडणे शक्यच नव्हते. करआकारणी, सैन्यभरती, वारसा आणि टपाल या सगळ्यांना स्थिर आडनाव हवे असते. डेन्मार्कने 1828 साली आडनावे गोठवण्याचा हुकूम काढला आणि तो अशा वेळी काढला की बहुतेकांच्या हाती फक्त बापाचे नाव होते. परिणाम असा की यान्सन, नील्सन, हान्सन, रास्मुसन अशा ‘सन’वाल्यांचा देशभर पूर आला. 1993 ते 2011 या काळात डेन्मार्कला ओळीने तीन पंतप्रधान लाभले आणि तिघांचेही आडनाव रास्मुसन होते. आपसांत नाते कुणाचेच नव्हते. लोक त्यांना न्यूरप, फोग आणि लोक्के या मधल्या नावांनी ओळखत. न्यूरप हे डेन्मार्कमध्ये एकाहून अधिक खेड्यांचे नाव आहे आणि लोक्के म्हणजे कुंपण घातलेले शेत. म्हणजे कायद्याने पत्ता पुसून टाकला आणि लोकांनी तो मागच्या दाराने परत आणला. स्वीडनचा मार्ग निराळा होता. तिथे फलटणीत पाच-सहा आंदेर्स एकत्र आले की हाक कुणाला मारली ते कळेना, म्हणून शिपायांना ‘मोदिग’ म्हणजे शूर, ‘रास्क’ म्हणजे चपळ अशी नावे दिली जात. मध्यमवर्गाने लिंदबर्ग, बर्गस्ट्रोम अशी निसर्गातील दोन शब्द जुळवून केलेली नावे घेतली. ती ऐकायला ठिकाणांसारखी वाटतात, पण त्यांतली बहुतेक कोणत्याही नकाशावर शोधू नयेत. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयसच्या वडिलांनी मात्र नाव घेतले ते एका खऱ्या झाडावरून, आपल्या मुळच्या जमिनीवरील लिंडेनच्या मोठ्या वृक्षावरून. त्याच वृक्षावरून नात्यातील इतरांनी तिलियांदर आणि लिंदेलिउस ही नावे घेतली. एका झाडाला तीन आडनावे फुटली.

नॉर्वेने 1923 साली कायदा केला. प्रत्येक कुटुंबाला आता एकच, पिढ्यानपिढ्या टिकणारे आडनाव हवे होते, आणि गावाकडच्या असंख्य कुटुंबांनी बापाचे नाव सोडून शेताचे नाव निवडले. या कायद्याचा विचार करताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. जुन्या रिवाजात नाव शेताबरोबर जाई, पुरुषाबरोबर नव्हे. शेताची वारस मुलगी असेल आणि तिच्याशी लग्न करून कुणी त्या शेतावर राहायला आला, तर आपल्या भाषेत ज्याला घरजावई म्हणतात तो आपले जुने शेतनाव मागे ठेवून बायकोच्या शेताच्या नावाने ओळखला जाई, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. 1923 च्या कायद्याने हे उलटे केले आणि विवाहित स्त्रीने नवऱ्याचे आडनाव लावावे असे ठरवले. ही सक्ती पुढे अनेक दशकांनी गेली. आधुनिक कायदा जुन्या रिवाजापेक्षा नेहमीच न्याय्य असतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पत्ता होता तोवर नावाला लिंग नव्हते. नाव वंशाचे झाले आणि ते पुरुषाचे झाले.

आता त्या मुक्या ‘ई’कडे वळू. सुमारे चार शतके नॉर्वे डेन्मार्कशी जोडलेला होता आणि लिहिण्याची भाषा डॅनिश होती. शेतांची नावे पाद्री आणि कारकून लिहून घेत, ती आपल्या कानाला जशी लागली आणि आपल्या शाळेत जसे शिकवले तशी. 1814 मध्ये ते नाते तुटले, पण लेखनाची सवय तुटली नाही. 1917 च्या लेखनसुधारणेने नॉर्वेत दोन ‘ए’ जोडून लिहिण्याऐवजी डोक्यावर वाटोळे कडे असलेला एकच ‘ए’ आणला. पाट्या आणि शाळेची पुस्तके हळूहळू बदलली, आडनावे जागची हलली नाहीत. याचा सर्वांत गमतीचा दाखला ईवार ऑसेन यांचा. पश्चिम नॉर्वेतील ओर्स्टा येथील शेतावर 1813 साली जन्मलेल्या या माणसाने देशभर पायी फिरून बोली गोळा केल्या आणि त्यांवरून नॉर्वेची दुसरी लेखनभाषा उभी केली, जिला आज नीनोर्स्क म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडची भाषा कागदावर आणणाऱ्या या माणसाचे आडनाव जन्मशेताचेच, पण आजही छापले जाते ते जुन्या, दोन ‘ए’वाल्या वळणाने.

1990 साली नॉर्वेच्या संसदेने ठिकाणांच्या नावांचा कायदा केला. ठिकाणाच्या नावाचे सरकारी लेखन स्थानिक लोकांच्या परंपरागत उच्चाराला धरून आणि चालू लेखननियमांना अनुसरून असावे, हे त्याचे मूळ सूत्र. शेतांच्या नावांचा निर्णय नकाशा खात्याकडे गेला आणि भाषातज्ज्ञांचा सल्ला घेणे बंधनकारक झाले. सूत्र चांगले होते, पण शेतमालकांचा संताप झाला. पणजोबांच्या दस्तऐवजावर, दारावरील कोरीव फळीवर आणि स्वतःच्या पासपोर्टवर जे नाव एका रीतीने लिहिलेले, तेच सरकारी पाटीवर दुसऱ्या रीतीने दिसू लागले. आमचे नाव आम्हाला कसे लिहायचे ते राजधानीतील तज्ज्ञ शिकवणार का, हा त्यांचा प्रश्न होता. पुष्कळ रस्सीखेच होऊन 2015 मध्ये कायदा बदलला आणि मालकाला आपल्या खातेजमिनीच्या नावाचे लेखन स्वतः ठरवण्याचा अधिकार मिळाला; अट एवढीच की ते लेखन पूर्वी सरकारदरबारी वापरात होते असा पुरावा हवा.

येथे एक फरक समजून घेतला नाही तर वाद कळत नाही. नॉर्वेत मूळ शेताला एक क्रमांक असतो आणि वाटण्या होऊन त्यातून निघालेल्या खात्यांना दुसरा. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एक सर्व्हे नंबर आणि एक हिस्सा नंबर. 2015 च्या दुरुस्तीने हिस्स्याचे नाव मालकाच्या हाती दिले, पण अनेक हिस्से ज्याच्या पोटात आहेत त्या मूळ शेताचे सामायिक नाव नकाशा खात्याकडेच राहिले. मला ही विभागणी योग्य वाटते, आणि मूळ शेतांच्या नावांवरही मालकांचाच शब्द चालावा अशी जी मागणी होते ती मान्य होऊ नये असे वाटते.

मालकांची बाजू पोकळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘परंपरागत उच्चार’ ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दरीच्या या टोकाला एक उच्चार असतो आणि त्या टोकाला दुसरा, आणि शेवटी निवड तज्ज्ञच करतात. लेखननियमही दर पिढीत बदलत आले आहेत, तेव्हा आजचे ‘शुद्ध’ रूप हेसुद्धा एका काळाचेच अपत्य आहे. आणि दोन-तीनशे वर्षे कागदावर टिकलेले चुकीचे लेखन कधीतरी स्वतःच परंपरा होते. मुक्या ‘ई’ला आता इतिहास आहे.

तरीही सामायिक नाव एका मालकाच्या हाती देण्यात मोठी गफलत आहे. शेताच्या नावावरून पुढे बसथांब्याचे, शाळेचे, रस्त्याचे, ओढ्यावरील पुलाचे नाव पडते. मालकाचा त्या जमिनीवर हक्क आहे. शेजाऱ्यांच्या तोंडातील शब्दावर तो कसा असेल? आणि जमीन विकली जाते. शहरातला कुणी पैसेवाला उद्या ते शेत सुट्टीचे घर म्हणून विकत घेईल आणि खानदानी दिसते म्हणून एखादे जुने डॅनिश वळण उकरून काढील, तर खरेदीखताबरोबर नावाचे लेखनही त्याच्याकडे गेले असे मानायचे का? आडनाव ज्याचे त्याने जसे लिहायचे तसे लिहावे. पेटीवर मुका ‘ई’ आनंदाने नांदावा, एखाद्या कुटुंबाने तो अभिमानाने जपावा. रस्त्यावरील पाटी मात्र त्या घराची नाही. पाटी आणि पेटी यांचे लेखन जुळत नाही, हा माझ्या मते दोष नाहीच. ते शब्द आता दोन निराळी कामे करत आहेत याची ती उघड कबुली आहे.

मालकीच्या तर्काने नावे ठरवली तर काय होते, हे नॉर्वेच्या उत्तर भागात पाहिले गेले आहे. 1902 च्या कायद्याने फिनमार्कमधील सरकारी जमीन नॉर्वेजियन बोलता, वाचता आणि लिहिता येणाऱ्यांनाच मिळावी आणि जमिनीला नॉर्वेजियन नाव असावे असे ठरवले. तिथल्या मूळच्या सामी आणि फिन्निश वंशाच्या क्वेन लोकांनी शतकानुशतके ज्या नद्या, माळ आणि वस्त्या आपल्या भाषेत ओळखल्या होत्या, त्यांवर कागदोपत्री दुसरीच नावे चढली, आणि कालांतराने तीच नावे माणसांची आडनावेही झाली. 1990 च्या कायद्याने सामी आणि क्वेन नावांना संरक्षण दिले. त्यानंतर कोफ्योर्ड येथे ‘गाइवुओत्ना’ हे सामी नाव सोबत लिहिलेली पाटी उभी राहिली, तेव्हा कुणीतरी तिच्यावर गोळ्या झाडून तिची चाळण केली. ती पाटी पुढे जपून ठेवण्यात आली. ज्यांना वाटते की पाटीवरील अक्षरांचा प्रश्न रिकामटेकड्यांचा आहे, त्यांनी त्या पत्र्यातील भोके पाहावीत.

अर्थात सरकारनेही शहाणपणाचा मक्ता घेतलेला नाही. ट्रोंडहेम शहराला तेथील मध्ययुगीन वैभवाची आठवण म्हणून निदारोस हे नाव द्यावे असे राष्ट्रवादी मंडळींच्या मनात आले. शहराच्या मतदारांनी 1928 च्या सार्वमतात प्रचंड बहुमताने नकार दिला, तरीही 1930 च्या आरंभापासून संसदेने निदारोस लादलेच. लोक रस्त्यावर आले, आणि 1931 मध्ये जुने नाव परत द्यावे लागले. फक्त त्याचा शेवट डॅनिश ‘येम’ऐवजी नॉर्वेजियन ‘हाइम’ करून सरकारने आपली लाज राखली. डेन्मार्कमधील ऑर्हुसने वेगळ्याच कारणाने नाव फिरवले. 1948 च्या लेखनसुधारणेनंतर ते कडेवाल्या ‘ए’ने लिहिले जात होते, 2011 पासून नगरपरिषदेने पुन्हा दोन ‘ए’ स्वीकारले, कारण जगाच्या कीबोर्डांवर ते कडे सापडत नाही. डेन्मार्कमधल्याच ऑल्बोर्ग शहराने जुने दोन ‘ए’ कधी सोडलेच नव्हते, त्यामुळे त्याला मागे फिरण्याचे कष्ट पडले नाहीत.

राजांच्या नावांची तर गोष्टच सोडा. डेन्मार्क-नॉर्वेच्या चौथ्या क्रिस्टियनने आपले नाव क्रिस्टियानिया, क्रिस्टियानसान आणि क्रिस्टियानस्टाड या तीन शहरांना दिले. सहाव्याने क्रिस्टियानसुंद त्यात घातले. क्रिस्टियानसान आणि क्रिस्टियानसुंद यांत एका स्वराचाच फरक असल्याने टपालखात्याला एकापुढे दक्षिणेचे आणि दुसऱ्यापुढे उत्तरेचे अक्षर जोडावे लागले. क्रिस्टियानियाने 1925 साली ओस्लो हे जुने नाव परत घेतले. बंगालमध्ये हुगळीच्या काठी डेन लोकांनी 1755 साली घेतलेल्या श्रीरामपूरला पाचव्या फ्रेडरिकवरून फ्रेडरिक्सनगर म्हणत. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 साली तिथेच छापले गेले. 1845 मध्ये वसाहत इंग्रजांना विकली गेली आणि राजाचे नावही गेले. लोकांच्या तोंडी श्रीरामपूर होते ते श्रीरामपूरच राहिले.

आडनावाच्या बाजूनेही हाच प्रश्न उभा राहतो. नॉर्वेत 2003 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार जे आडनाव देशात 200 किंवा त्याहून कमी लोक लावतात ते संरक्षित असते; बाहेरच्याला ते घ्यायचे असेल तर त्या सगळ्यांची संमती हवी. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ही मर्यादा 2000 आहे. सवलत मिळते ती मुख्यतः वंशाने किंवा विवाहाने. छोट्या घराण्यांना आपले नाव कुणा भामट्याने पळवू नये असे वाटणे समजण्याजोगे आहे, आणि दोन ओळींच्या अर्जावर कुणीही कुणाचेही दुर्मीळ नाव घ्यावे असे मीही म्हणणार नाही. पण दुर्मीळ आडनाव शेताचे असेल तर परिस्थिती विचित्र होते. पणजोबाने गाव सोडले आणि ज्याने ते शेत आयुष्यात पाहिले नाही, अशा शहरी माणसाचा त्या नावावर हक्क राहतो. आणि ज्या घरात तीस वर्षे चूल पेटते आहे, त्या घरात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या माणसाला ते नाव मागावे लागते. दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याही पाद्र्याने हे उलटे ठरवले असते. संरक्षित शेतनाव घेताना त्या शेतावरील दीर्घ वास्तव्याला वंशाइतकेच वजन मिळावे, एवढी सुधारणा मला वाजवी वाटते.

नावे एकदा घराबाहेर पडली की ती किती दूर जातात याचा अंदाज देणाऱ्याला नसतो. मराठी वृत्तपत्रांत रोज पारा अमुक अंश सेल्सिअसवर गेल्याचे छापून येते. सेल्सिउस घराण्याने ते नाव घेतले ते स्वीडनमधील हेल्सिंगलंड प्रांतातल्या ‘होगेन’, म्हणजे टेकाड, या आपल्या घरठिकाणाचा लॅटिन अवतार करून. नॉर्वेचे हाउगेन आणि आपला उन्हाळा मोजणारे अंश अशा रीतीने एकाच टेकाडावर भेटतात. स्टॉकहोमजवळच्या बेटावरील इतर्बी या खेड्याच्या खाणीवरून इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम अशी चार मूलद्रव्ये ओळखली जातात. नोबेलियमचा शोध 1957 साली स्टॉकहोममध्ये लागल्याचा दावा पुढे चुकीचा ठरला, पण नाव तेच ठेवले गेले. गावाचे नाव माणसाने घेतले, माणसाचे पारितोषिकाने, आणि मूलद्रव्याने ते शोध खोटा ठरल्यावरही सोडले नाही. अशा उसनवारीवर माझा आक्षेप नाही, कारण तीत गावाचे काही कमी होत नाही.

दुकानातील उसनवारीचे तसे नाही. नवी मुंबईत तुर्भ्याला 2020 च्या डिसेंबरात आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे दुकान उघडले, तेव्हापासून कित्येक मराठी घरांत स्कँडिनेव्हियाचा नकाशा तुकड्यातुकड्यांनी येऊन पडला आहे. क्लिप्पान हा सोफा स्वीडनच्या दक्षिणेतील एका गावाच्या नावाचा, एक्तोर्प हा दुसरा सोफा स्टॉकहोमच्या एका उपनगराचा. बाकांना आणि बागेतील खुर्च्यांना बेटांची नावे, पलंगांना नॉर्वेतील ठिकाणांची, पडद्यांना स्त्रियांची. बिली हे पुस्तकांचे कपाट एका कर्मचाऱ्याच्या नावाचे. डेन्मार्कमध्ये 2008 साली काहींनी तक्रार केली की पायपुसण्यांना आणि जाजमांना डॅनिश गावांची नावे देऊन स्वीडिश कंपनी आपल्याला पायदळी तुडवते आहे. तक्रारीत विनोद किती आणि दुखणे किती ते सांगणे कठीण. स्वीडनच्या पर्यटन मंडळाने 2021 साली याच गोष्टीची जाहिरात केली: ज्या बोलमेन नावाने जगभर संडासाचा ब्रश विकला जातो, ते प्रत्यक्षात स्मोलंडमधील एक सुंदर सरोवर आहे, या आणि पाहा. जाहिरात हसरी होती, पण हसण्यामागे एक हिशेब आहे. इंटरनेटवर त्या सरोवराचा शोध घेणाऱ्याला आधी ब्रश दिसतो. सरोवराच्या काठच्या लोकांना कुणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची कायद्याने गरजही नव्हती. नॉर्वेचा कायदा दोनशे माणसांच्या आडनावाला संरक्षण देतो; दोनशे माणसांच्या गावाच्या नावाला मालाच्या नावापासून तसे संरक्षण नाही.

या कंपनीचे स्वतःचे नाव मात्र पूर्णपणे जुन्या रिवाजातले आहे. 1943 साली सतरा वर्षांच्या इंग्वार काम्प्राडने ते तयार केले तेव्हा स्वतःच्या नावाची दोन आद्याक्षरे घेतली, मग शेताचे, एल्मतारीदचे, आणि शेवटी त्या शेताच्या परगण्याचे, अगुन्नारीदचे. माणूस, शेत, परगणा: गावच्या चर्चमधील नोंदवहीत पाद्र्याने ज्या क्रमाने लिहिले असते त्याच क्रमाने चार अक्षरे जगभरच्या निळ्या-पिवळ्या भिंतींवर चढली आहेत. त्यांतले तिसरे अक्षर, शेताचे, जुन्या वळणाचे ‘ई’ आहे. शेताचे नाव आता सरकारी लेखनात डोक्यावर दोन ठिपके असलेल्या ‘ए’ने सुरू होते.